दोनदा चढलेला डोंगर

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं अजून काळीच आहेत. डोंगर उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आदळत राहतात, त्यानं असं होतं. चढाची भीती सगळे घालतात, उताराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बरकतपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी पाय बघितले आणि म्हणाल्या, "काय गं मंगल, शिकायला गेली होतीस का दगड फोडायला?" मी म्हटलं, "काकू, दोन्हीला." त्यांना थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती.

मी भूशास्त्रात एम.एस्सी. करते, शेवटचं वर्ष. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आणि पदवी घेतलेलीही पहिलीच. हे मी सांगते आणि सांगणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमची शेती नांदेडकडे होती. आजोबा ती भावांकडे सोडून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, चिक्कडपल्लीत पिठाची गिरणी चालवतात. गिरणीचे दगड झिजले की छिन्नी-हातोडी घेऊन ते स्वतः टाकी लावत बसतात. त्यामुळे मी जेव्हा म्हटलं की मला दगडांचा अभ्यास करायचाय, तेव्हा घरात फक्त त्यांनाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. बाकी सगळे म्हणत होते की आता जमाना कॉम्प्युटरचा आहे. दिलसुखनगरला एकेका इमारतीवर पाच-पाच क्लासच्या पाट्या आहेत, आणि ही पोरगी दगड घेऊन बसलीय.

नानांनी एकच अट घातली होती. "दोन वर्षं तुझी. मग धाकट्याची. घरात एका वेळी एकच शिकेल. तिसरं वर्ष मागायचं नाही." मी कबूल केलं होतं. आणि आमच्या विभागाचा नियम असा, की शेवटच्या वर्षाच्या अभ्यास-शिबिरात केलेला नकाशा सरांनी मंजूर केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. नकाशा नामंजूर झाला, तर पुढच्या वर्षीच्या शिबिराला या. मला पुढचं वर्ष नव्हतंच. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

अचंपेटच्या पुढे

संक्रांत झाली आणि आम्ही चौदा जण भाड्याच्या बसनं निघालो. माझ्या पिशवीत मायनं दिलेल्या तिळाच्या वड्या, दोन सलवार-कमीझ, धाकट्याचे बूट (त्यात पुढे कापूस भरला होता) आणि माझी मोजणीची वही. वहीला मायनं जाड खादीचं कव्हर शिवून दिलं होतं, कडेनं दुहेरी शिवण घालून. माय शाळेत गेलेली नाही. पण वही म्हणजे काहीतरी जपायची वस्तू आहे हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

श्रीशैलच्या रस्त्यानं अचंपेट मागे पडलं की जमीन बदलते. हैदराबादचे आपले ओळखीचे गोल गोल दगड, एकावर एक रचल्यासारखे, ते संपतात आणि समोर नल्लमलाचा डोंगर भिंतीसारखा उभा राहतो. वरचा माथा सपाट, जणू कुणी वरवंटा फिरवलाय. रस्त्यात ग्रॅनाइटच्या लाद्या भरलेले ट्रक भेटत होते. परदेशात जातात म्हणे. आमचे सर खिडकीतून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "विकायला सगळ्यांना दगड पाहिजे. वाचायला कुणाला नको." सर बोलतात ते तेलुगू आणि इंग्रजी मिसळून, मी इथे मराठीत देते आहे. पन्नाशीचे गृहस्थ, सत्यम सर. बारीक अंगाचे, डोक्यावर कायम कापडी टोपी. ओरडत नाहीत. पण त्यांचं न ओरडणंच जास्त लागतं.

मुक्काम एका गावच्या शाळेत होता. मुली तीन, आम्हाला एक खोली. स्वयंपाक गावातल्या एक बाई करायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सर्वपिंडी केली. तांदळाचं पीठ, शेंगदाणे, तीळ, मिरची, सगळं भगुण्याच्या आतल्या बाजूला थापून, बोटानं भोकं पाडून भाजायचं. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, हे तर आपलं थालीपीठ, फक्त तांदळाकडे सासरी गेलेलं. अंबाडीला इथे गोंगुरा म्हणतात आणि मिरची अशी घालतात की डोळ्यांतून पाणी यावं. मी रोज दोनदा घ्यायचे. आणि जोंधळ्याची भाकरी तर तीच आपली, हातावर थापलेली. बाईंची नात स्वतःच्या वडिलांना "नान्ना" अशी हाक मारायची, आणि मी दर वेळी वळून बघायचे.

लिंगय्याचा डोंगर

सरांनी डोंगराचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाला एकेक वाटून दिला. माझ्या शेजारचा पट्टा अझीमचा. अझीम म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा, चारमिनारमागच्या गल्लीतला. बोलणं अस्सल दखनी. त्याचा आणि माझा पट्टा जिथे मिळत होता ती हद्द एका सोंडेवरून सरळ वर कड्यापर्यंत जात होती.

मुलींना डोंगरावर एकटं जायची परवानगी नव्हती, म्हणून माझ्याबरोबर लिंगय्या दिला. हा चेंचू, म्हणजे त्या जंगलातच राहणाऱ्या लोकांपैकी. वय त्यालाही माहीत नव्हतं. अनवाणी. हातात एक कुऱ्हाड, खांद्यावर पाण्याचा सुकवलेला भोपळा. मी धापा टाकत पन्नास पावलं चढायचे तोवर तो वर दगडावर बसून बिडी ओढत असायचा. "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा," म्हणायचा. सावकाश, बाई, सावकाश. चार तासांत मला एक शिकवलं त्यानं. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. आणि थांबलं की बसायचं नाही.

आमचं काम काय ते सांगते. उघड्या खडकावर वही सपाट ठेवायची, वहीवर होकायंत्र ठेवायचं आणि थर कुठल्या दिशेनं धावतोय, किती अंश कललाय ते वाचून लिहायचं. त्या जागी रंगानं एक ठिपका आणि नंबर. असे ठिपके नकाशावर घातले की डोंगराच्या पोटात काय चाललंय ते कागदावर दिसायला लागतं. माझ्या पट्ट्यात बासष्ट ठिपके होते. एकच पथ्य, होकायंत्राजवळ लोखंड आणायचं नाही. वाचन घेताना हातोडी दहा पावलं लांब ठेवायची. मी पंधरा ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी एका घळीत एक मोठी फरशी सापडली, तिच्यावर पाण्याच्या लाटांचे वळ होते. नदीकाठच्या ओल्या वाळूवर असतात ना, तसेच, फक्त दगडात. मी लिंगय्याला मोडक्या तेलुगूत सांगितलं की इथे कधीकाळी पाणी होतं, उथळ पाणी, त्याच्या लाटा आहेत या. त्यानं त्या वळांवरून पायाचा तळवा फिरवला. मग भोपळा उलटा करून दाखवला. एक थेंब पडला. "ते पाणी कुठे गेलं ते पण लिहा वहीत," म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. मी त्याला तिळाची वडी दिली. अर्धी खाल्ली, अर्धी पानात बांधून बायकोसाठी ठेवली.

पाच दिवसांत मी बासष्ट ठिपके पुरे केले. त्यात एकदा उजव्या बुटाचा तळ सुटला, तो लिंगय्यानं वेलीनं बांधून दिला. एकदा मधमाश्यांपायी अर्धा तास झुडपात पालथी पडून होते. कड्यावर शेवटचे वीस हात तर हातापायांवर चढावं लागलं. पण पुरे केले. पाचव्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या हौदावर पाय धुताना मला वाटलं, आता आपल्याला काही अशक्य नाही. असं वाटलं की समजावं, आता काहीतरी बिनसणार.

दोन नकाशे

सहाव्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, सरांनी व्हरांड्यात बाकं जोडून सगळ्यांचे कच्चे नकाशे शेजारी शेजारी मांडायला लावले. हद्दीवर दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना मिळायला हवेत. डोंगर काही माझ्या पट्ट्यात वेगळा आणि अझीमच्या पट्ट्यात वेगळा नसतो.

बाकीच्यांचे थोडेफार मिळाले. माझे आणि अझीमचे मात्र सोंडेच्या पायथ्यापासून कड्यापर्यंत कुठेच मिळेनात. त्याचे थर पूर्वेकडे जात होते, माझे तिरके होऊन त्यांच्यात घुसत होते.

अझीम वाकून बघत म्हणाला, "क्या मंगल, तुम्हारा पहाड मेरे पहाड कू टक्कर मार रा."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी दोघांच्या पलीकडच्या शेजाऱ्यांचे नकाशे लावून पाहिले. अझीमचे त्याच्या पलीकडच्या मुलाशी मिळत होते. माझे कुणाशीच मिळत नव्हते.

"हातोडी कुठे ठेवत होतीस?" सरांनी विचारलं.

"पंधरा पावलं लांब, सर."

"डोंगर खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "परवा संध्याकाळी नकाशे घेणार. हा असा घेणार नाही." आणि पुढच्या बाकाकडे गेले. बस्स, एवढंच.

खोटं कशाला सांगू, मी खोलीत जाऊन रडले. नानांना काय सांगायचं याचीच तयारी मनात सुरू झाली होती. मग रडून झाल्यावर तोंड धुतलं, आणि उजेड होता तोवर होकायंत्र आणि वही घेऊन शाळेच्या अंगणात आले. होकायंत्र ओट्यावर ठेवलं, सुई स्थिर. तेच उचलून वहीवर ठेवलं, सुई फिरली. वही गोल फिरवली, तर सुई तिच्या मागोमाग, गायीमागे वासरू जावं तशी.

मी वहीच्या कव्हरची कड दाबून पाहिली. दुहेरी शिवणीच्या आत काहीतरी कडक होतं. ब्लेडनं शिवण उसवली. आतून निघालं ते नानांच्या छिन्नीचं तुटलेलं टोक, बोटाच्या पेराएवढं, चिंधीत गुंडाळलेलं.

रानावनात जाताना पोरीजवळ लोखंड असावं, म्हणजे काही वाईट जवळ येत नाही, ही आमच्याकडची रीत आहे. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात त्यातलीच. मला सांगितलं असतं तर मी हसून काढून टाकलं असतं, हे मायला माहीत होतं. म्हणून मी कधीच विसरणार नाही आणि कधीच काढणार नाही अशी जागा तिनं निवडली. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या पाच दिवसांत मधमाश्या चावल्या नाहीत, साप आडवा आला नाही, कड्यावरून पाय घसरला नाही, ते तिच्या हिशेबानं त्या टोकामुळेच. मायला मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. हे छापून आलं की धाकटा तिला वाचून दाखवेल, तेव्हा कळेल. माय, मी रागावले नाही बरं का.

अझीम मागे येऊन उभा होता. सगळा प्रकार बघून त्यानं डोक्याला हात लावला. मग म्हणाला, "आसान है ना. सब में से पच्चीस घटा दे. किस्सा खतम."

तो मोह मला झाला होता, नाकारत नाही. पण वही दर वेळी वेगळ्या बाजूनं ठेवलेली, त्यामुळे चूकही दर वेळी वेगळी. कुठे पंचवीस, कुठे दहा, कुठे काहीच नाही. वजा तरी काय करणार? बासष्टच्या बासष्ट आकडे गेले होते.

परत पहिल्या ठिपक्यापासून

पुढचे दोन दिवस बाकीचे सगळे श्रीशैलला जाणार होते, देवदर्शन आणि धरण बघायला. दोन्ही दिवस सकाळी जायचं, संध्याकाळी परत. वर्षभर सगळ्यांनी त्याचीच वाट पाहिली होती. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले, छिन्नीचं टोक दाखवलं आणि म्हटलं, "सर, मी दोन दिवसांत परत करते. सगळे."

सरांनी ते टोक हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "कुणी ठेवलं?"

"आईनं."

त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "माझी आई लिंबू ठेवायची," म्हणाले. "लिंबानं सुई फिरत नाही, एवढं माझं नशीब." मग टोक मला परत दिलं. "पण मी बसबरोबर जाणार. शाळेत दुसरं कुणी नसताना तुला एकटीला लिंगय्याबरोबर ठेवता येणार नाही. वर्गातलं कुणीतरी थांबायला पाहिजे."

मी वळून बघितलं. कुणाला सांगणार, धरण सोड म्हणून?

"मैं ठहरतूं सर," अझीम म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "कायकू देख रे यारो? मंदिर में मेरे कू क्या काम." पण धरणाचे फोटो काढायला त्यानं मामाचा कॅमेरा मागून आणला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, "नक्को. पैले पहाड चढ."

सातव्या दिवशी उजाडताच आम्ही तिघं निघालो. पहिल्या वेळी डोंगर नवा असतो, पुढच्या वळणावर काय असेल याची ओढ असते. दुसऱ्या वेळी पुढच्या वळणावर काय आहे ते तुमचे गुडघे ओळखून असतात. आपलाच रंगाचा ठिपका आपल्याला वेडावत असतो. मी होकायंत्र आता नुसत्या खडकावर ठेवत होते. जुना आकडा एका रेघेनं खोडायचा, शेजारी नवा लिहायचा. पान फाडायला परवानगी नाही, रबर लावायला नाही. वहीचं प्रत्येक पान माझी फजिती दाखवत होतं, आणि दाखवत राहणार.

लिंगय्याला वाटत होतं मला वेड लागलंय. "एंदुकम्मा?" त्यानं विचारलं. कशासाठी, बाई? मी सांगितलं, आधी लिहिलेलं चुकलं. तो विचार करून म्हणाला, "मध काढताना दोर चुकीच्या झाडाला बांधला, तर खाली उतरून परत बांधतो आम्ही. त्यात काय?" आणि चालायला लागला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! या माणसाच्या लेखी माझ्या सगळ्या संकटाची किंमत एक दोर सोडून बांधण्याएवढी होती.

त्या दिवशी चौतीस ठिपके झाले. संध्याकाळी पाय बादलीत घालून बसलो होतो तेव्हा बस परत आली, आणि सगळ्यांनी आमच्यासाठी प्रसाद आणला. अझीमनं हात धुऊन, दोन्ही हातांनी घेऊन खाल्ला.

कडा

आठव्या दिवशी राहिले होते अठ्ठावीस, आणि त्यातले शेवटचे पाच कड्यावर, हद्दीच्या टोकाला. सत्तावन्नावा ठिपका झाला तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. लिंगय्या वर चढून बसला. मी हातापायांवर चढायला लागले. मागे वळून पाहिलं तर अझीम जागचा हलला नव्हता. चेहरा पांढरा.

"तू जा," तो म्हणाला. "मैं इधर ठहरतूं."

मी गेले. अठ्ठावन्नाव्या ठिपक्यावर होकायंत्र ठेवलं. खालपर्यंत सगळे थर व्यवस्थित पूर्वेकडे जात होते, अझीमच्या आकड्यांशी मिळत होते. इथे सुई भलतंच दाखवत होती. चाळीस अंशांचा फरक. मी खिसे तपासले. केसांतल्या पिना काढून लांब फेकल्या. लिंगय्याला कुऱ्हाड घेऊन पार पलीकडे पाठवलं. पुन्हा ठेवलं. तेच. पुढच्या ठिपक्यावरही तेच.

मी कड्याच्या काठाशी येऊन खाली ओरडले, "अझीम! तुझं होकायंत्र घेऊन वर ये. माझं बिघडलंय!"

तो खालीच बघत राहिला. मी परत ओरडले. शेवटी त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "बिगडा नहीं होगा."

"म्हणजे?"

"मैं ऊपर चढाच नहीं था, मंगल. ऊंचाई से मेरे हाथ-पाँव कांपते. नीचे से देख के लिख दिया था. जैसा नीचे, वैसाच ऊपर." मग म्हणाला, "उस दिन नक्शे नहीं मिले तो मेरे कू लगा, मैं पकडा गया. फिर सर तुम्हारे कू बोले. मैं चुप बैठा."

म्हणून थांबला होता तर हा. मला आधी चीड आली. मग आठवलं की दोन दिवस हा माणूस माझ्या मागून पाण्याची बाटली घेऊन चालतोय. मी लिंगय्याकडे पाहिलं. त्याला भाषा कळली नसेल, पण प्रकरण कळलं होतं. तो खाली उतरला, डोक्याचं फडकं सोडून त्याचं एक टोक अझीमच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं आपल्या. "मेल्लगा," म्हणाला.

वीस हातांना अर्धा तास लागला. अझीम पूर्ण वेळ डोळे खडकाला लावून काहीतरी पुटपुटत होता. वर आल्यावर पालथा पडला. मग उठून त्यानं त्याचं होकायंत्र माझ्या ठिपक्यावर ठेवलं. सुईनं तोच आकडा दाखवला.

तेव्हा आम्ही दोघांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. कड्याच्या माथ्यावर थर वळत होते. खालून सरळ येऊन तिथे हळूच, चादर दुमडावी तसे, दक्षिणेला वळले होते. पायथ्यावरून हे दिसणं शक्यच नव्हतं. वर येऊन, त्या जागी उभं राहिल्यावरच दिसायचं. मी तीन दिवसांपूर्वी त्याच्यावर उभी राहिले होते, पण तेव्हा सगळेच आकडे वेडेवाकडे येत होते, त्यात हे कुठे कळणार?

माझे पाच झाले, तसे अझीमनं त्याचे माथ्यावरचे चार घेतले. बसून, काठापासून लांब, पण घेतले. जुने आकडे त्यानं एका रेघेनं खोडले. उतरताना मी लिंगय्याला विचारलं, तुला त्याची भीती माहीत होती का? तो म्हणाला, आमच्यातही एक आहे असा. तो खाली थांबून दोर धरतो. त्याच्याइतका घट्ट दोर कुणी धरत नाही.

शाई

संध्याकाळी व्हरांड्यात सरांनी पुन्हा बाकं लावली. माझा आणि अझीमचा नकाशा जोडून त्यांनी पेन्सिलचं टोक हद्दीवरून खालून वर न्यायला सुरुवात केली. थर मिळत गेले. माझी नजर पेन्सिलवर. कड्याशी ती थांबली.

"हे काय?" सर अझीमला म्हणाले. "चार आकडे खोडलेले. कधी?"

अझीमनं माझ्याकडे पाहिलं नाही. "आज, सर. आधी मी वर गेलो नव्हतो. खालून बघून लिहिलं होतं."

सरांनी टोपी काढून बाकावर ठेवली. आम्ही त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो.

"ही हद्द मी दर वर्षी याच सोंडेवरून आखतो," ते सावकाश म्हणाले. "दोन पट्ट्यांचं टोक बरोबर त्या वळणावर येईल अशी. वर कोण गेलं आणि कुणी खालून लिहिलं, ते मला विचारावं लागत नाही. बहुतेक वर्षी दोन्ही नकाशांत थर सरळ जातात." त्यांनी दोन्ही कागदांवरून हात फिरवला. "या वर्षी दोन्हीत वळलेत."

अझीमला म्हणाले, "तुझे गुण कापणार. नकाशा घेणार." अझीमनं मान हलवली. त्याच्या खांद्यांवरून काय उतरलं ते मला शेजारी उभं राहून दिसलं.

मग माझी वही उघडली. एकेक पान उलटत गेले. खोडलेले बासष्ट, नवे बासष्ट. शेवटच्या पानावर त्यांनी सही केली, तारीख घातली आणि नकाशा माझ्याकडे सरकवला. कोपऱ्यात एक चौकट असते, मोजणी कुणी केली ते लिहायची. नकाशा मंजूर होईपर्यंत ती रिकामीच ठेवायची असते.

"नाव लिही," सर म्हणाले. "शाईनं."

माझ्याकडे शाईचं पेन नव्हतं. अझीमनं त्याचं काढून दिलं. मी हात आधी कमीझला पुसला. लिहायला सुरुवात केली तसं सर वाकून बघायला लागले.

"हे मधलं कुणाचं नाव?"

"वडिलांचं, सर. आमच्यात आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव, असं लिहितात."

"आमच्यात घराण्याचं नाव आधी येतं, तेही एका अक्षरात," सर म्हणाले. "चौकट लहान आहे. वडिलांचं सोडलंस तर बसेल."

"बसवते, सर," मी म्हटलं.

सरांनी बाकावरचा कंदील जरा जवळ सरकवला. मी पेन बारीक धरून, एकेक अक्षर सुटं सुटं, लिहिलं. मंगल ज्ञानोबा पवळे. 'ज्ञानोबा' थोडं दाटीनं आलंय. पण पूर्ण आलंय.